पाचवी मागणी

गेल्या विकांताला राळेगणसिद्धीला जाऊन आलो. सकाळी सातला पुणं सोडलं, शिरूरला मिसळ हाणली आणि वाडेगव्हाणला नगर हायवे सोडून आत वळलो. सोबत मामा होते. आईचं माहेर पारनेर तालुक्यातच, राळेगणपासून फार लांब नाही. पण मामांना राळेगण 'दाखवायला' नेण्याचा योग कधी आला नव्हता. खरं तर त्यांनीच मला दाखवलं. हा नालाबांध, तो पाझर तलाव, इथे पाणी अडतं, तिथे मुरतं आणि पार खालच्या विहिरीत निघतं. मामा हात लांब करून दाखवत होते आणि माझं लक्ष त्यांच्या हाताकडे होतं.

मामांच्या उजव्या हाताला दोन बोटं नाहीत. तर्जनी आणि मधलं.

लहानपणापासून बघत आलोय, त्यामुळे त्याचं काही वाटायचं नाही. १९९८ साली मामा यारीवर कामाला होते. यारी म्हणजे विहीर खोदताना खालचा दगड-मुरूम वर ओढायचा झेला. सुरुंग उडाला की खाली डबर भरायचं, इंजिनावर वायररोप गुंडाळत बादली वर घ्यायची, रिकामी करायची, परत खाली सोडायची. एके दिवशी रोप चाकावरून घसरला, मामांनी तो सारखा करायला हात घातला, आणि इंजिन सुरूच होतं. मी तेव्हा आठवीत होतो. मामा हाताला भलं मोठं पांढरं बँडेज बांधून ओट्यावर बसलेत आणि आजी कुणाशीच बोलत नाहीये, एवढंच आठवतं.

बांधावर बसून डबा खाताना मी पहिल्यांदाच नीट विचारलं, "मामा, तेव्हा पैसे किती मिळाले होते तुम्हाला?"

"दवाखान्याचं बिल भागवलं ठेकेदारानं. आन वर दोन हजार दिले. वाईट नव्हता मानूस."

"आणि काही लिहून घेतलं होतं का?"

"घेतलं की. माझी काय तक्रार न्हाई म्हनून. सही कुठली करतो, उजवा हात बांधलेला. डाव्या हाताचा आंगठा दिला."

बास. त्या रात्री घरी आल्यावर झोप लागेना. धंद्याने सॉफ्टवेअरवाला असलो तरी रविवारी इतिहासात लुडबुड करायची खोड आहे, हे इथे नेहमी येणाऱ्यांना माहीत आहेच. म्हटलं बघू तरी, १९९८ साली मामांचा हक्क काय होता.

मला वाटलं होतं, काही नसेलच. शेतातली विहीर, रोजंदारीचं काम, ना कारखाना ना हजेरीकार्ड. यांना कसला कायदा? पण १९२३चा कामगार नुकसानभरपाई कायदा उघडला आणि चाटच पडलो. त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात कोणकोणत्या कामांवरचे लोक 'कामगार' समजायचे त्याची लांबलचक यादी होती. त्यात खोदकामाची एक नोंद. खोली बारा फुटांपेक्षा जास्त असेल, किंवा स्फोटकं वापरली असतील, किंवा पंचवीसपेक्षा जास्त माणसं कामाला असतील, तर तिथला मजूर या कायद्यात येतो. तिन्हीपैकी एक अट पुरे. मामांच्या विहिरीत सुरुंग लागत होते आणि ती बारा फुटांच्या कधीच खाली गेली होती.

पहिल्या परिशिष्टात तर अवयवांचा चक्क तक्ताच होता. अंगठा गेला तर कमाईची ३० टक्के क्षमता गेली असं धरायचं. एक डोळा गेला, दुसरा धड असला, तर ४० टक्के. एका हाताची दोन बोटं, २० टक्के. आणखी एका तक्त्यात वयाप्रमाणे गुणक. सोळा वर्षांच्या पोराला २२८.५४, पासष्टीच्या माणसाला ९९.३७. माणूस जितका तरुण तितका गुणक मोठा, कारण त्याची पुढची कमाई जास्त बुडाली.

आमच्या जातीच्या माणसाला तक्ता दिसला की हिशेब केल्याशिवाय राहवत नाही. मामांचं वय तेव्हा तीस, गुणक २०७.९८. मजुरी दिवसाला पन्नास, म्हणजे महिन्याला दीड हजार धरू. कायमच्या पूर्ण अपंगत्वाला तेव्हा पगाराच्या ६० टक्के गुणिले गुणक असं सूत्र होतं. दीड हजाराचे ६० टक्के म्हणजे ९००. गुणिले २०७.९८, झाले १,८७,१८२. दोन बोटांचे त्यातले २० टक्के.

३७,४३६ रुपये.

मिळाले दोन हजार. बरं, तो अंगठ्याचा कागद? कायद्याचं कलम १७ सांगत होतं की भरपाईचा हक्क सोडून देणारा किंवा कमी करणारा कुठलाही करार रद्दबातल. कलम २८ सांगत होतं की एकरकमी भरपाईवर तडजोड झालीच तर तिची नोंद आयुक्तांकडे करायला हवी. म्हणजे आजी ज्या कागदाला घाबरून गप्प बसली, त्याची किंमत रद्दीइतकीसुद्धा नव्हती. पण दावा लावायची मुदत दोन वर्षं. ती केव्हाच उलटून गेली.

आता हा कायदा आला कुठून, हा माझा खरा विषय.

इंग्लंडात १८३७ साली एक खटला गाजला. खाटकाकडे कामाला असलेला एक पोरगा मालाच्या गाडीवरून चालला होता. गाडीत माल फार भरला होता, ती मोडली आणि पोराची मांडी मोडली. ज्यूरीने त्याला शंभर पौंड दिले, पण न्यायाधीशांनी ते काढून घेतले. म्हणणं असं की नोकराला काम धोक्याचं वाटत होतं तर त्याने नाही म्हणायचं होतं. पुढे यातून मालकांच्या हाती तीन ढाली आल्या. चूक तुझ्याच सोबत्याची होती, चूक थोडी तुझीही होती, आणि धोका माहीत असून तू काम पत्करलंस. या तीन ढालींपुढे कामगार जिंकणार कसा? मामांच्या बाबतीत तर तिन्ही लागू पडल्या असत्या. आपल्याकडे १८५५चा एक कायदा होता, पण तो फक्त मेलेल्याच्या वारसांना दाद मागू द्यायचा, आणि तीसुद्धा समोरच्याची चूक सिद्ध झाली तर.

या पार्श्वभूमीवर मुंबईत सप्टेंबर १८८४मध्ये काय झालं ते बघा. नारायण मेघाजी लोखंडे, महात्मा फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक, 'दीनबंधु'चे संपादक, स्वतः कधीकाळी गिरणीत स्टोअरकीपर. त्यांनी परळला गिरणी कामगारांची सभा भरवली आणि ५,५०० सह्यांचं निवेदन तयार केलं. मागण्या पाच. रविवारची सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू आणि सूर्यास्ताला बंद. पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत. आणि पाचवी अशी की काम करताना गंभीर इजा झाली तर बरं होईपर्यंत पूर्ण पगार द्यावा, आणि कायमचं अपंगत्व आलं तर त्या माणसाच्या पोटापाण्याची सोय करावी.

पहिली मागणी आपल्या सगळ्यांना माहीत आहे. १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मिळाली, दर वर्षी त्या दिवशी मेसेज फिरतात, २००५ साली लोखंड्यांचं टपाल तिकीटही निघालं. हा लेखसुद्धा मी त्यांनी मिळवून दिलेल्या रविवारीच लिहितोय! पण पाचवी मागणी? मला स्वतःला परवापर्यंत माहीत नव्हती.

तिचं मोठेपण कशात आहे? त्यात 'मालकाची चूक असेल तर' हा शब्दप्रयोगच नाही. काम करताना लागलं, एवढं पुरे. त्याच १८८४ साली जुलैमध्ये जर्मनीत बिस्मार्कने अपघात विम्याचा कायदा केला होता, त्यात हेच तत्त्व होतं. मालकांनी मिळून निधी भरायचा, चूक कुणाची हे न विचारता जखमी कामगाराला द्यायचं. इंग्लंडला तिथवर यायला १८९७ उजाडलं. त्याच वर्षी फेब्रुवारीत, प्लेगच्या साथीत लोकांची सेवा करता करता, लोखंडे प्लेगनेच गेले. राज्यकर्त्यांच्या स्वतःच्या देशात जे अजून कायद्यात नव्हतं, ते परळच्या गिरणी कामगारांनी तेरा वर्षं आधी कागदावर मागितलं होतं.

आपल्याकडे ते यायला आणखी सव्वीस वर्षं गेली. मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांचे प्रतिनिधी म्हणून बसलेले ना. म. जोशी यांनी विषय लावून धरला आणि १९२३ साली कायदा झाला, १ जुलै १९२४पासून लागू. (लोअर परळला काम करणाऱ्यांनो, तुमच्या ऑफिसबाहेरचा ना. म. जोशी मार्ग तो हाच.) सुरुवातीला यादी छोटी होती, मुख्यतः कारखाने, खाणी, रेल्वे वगैरे. पुढे वाढत गेली. ट्रॅक्टरवरची शेती आली, कूपनलिका आल्या. २००९च्या दुरुस्तीने नावातला 'कामगार' जाऊन 'कर्मचारी' आला. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि १९२३चा कायदा शंभरी ओलांडून निवृत्त झाला. मूळ साचा मात्र नव्या संहितेत तोच आहे. चूक कुणाची हे न विचारता भरपाई, वयाचे गुणक, अवयवांचा तक्ता.

मग एवढा जुना कायदा मामांच्या विहिरीपर्यंत का पोचला नाही?

इथे परत राळेगणला जाऊ, कारण उत्तराचा काही भाग त्या बांधांवर बसल्या बसल्याच सुचला. १९७५मध्ये अण्णा हजारे सैन्यातून गावी परतले. त्यानंतर तिथे जे पाणलोटाचं काम उभं राहिलं, त्यात श्रमदान होतं आणि सरकारी योजनांची कामंही होती. पाणी आल्यावर विहिरी खोदणंही वाढलं, आणि हे सगळ्या तालुक्यात झालं. म्हणजे एकाच शिवारात तीन प्रकारचे लोक दगड फोडत होते. एक श्रमदानाला आलेला गावकरी, दुसरा रोजगार हमीचा मजूर, तिसरा यारीवरचा. घण तोच, दगड तोच. पण बोट चेंगरलं तर?

श्रमदानात मालकच नाही, मजुरी नाही, म्हणून हा कायदाही नाही. गाव काय करील ते. रोजगार हमीवर असाल तर १९७७चा महाराष्ट्राचा कायदा होता (वि. स. पागे यांची मूळ कल्पना, जगाने नंतर वाखाणली). कामावर इजा झाली तर मोफत उपचार, दवाखान्यात राहावं लागलं तर मजुरीच्या निम्मा तरी भत्ता, मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर सानुग्रह रक्कम. २००५च्या केंद्राच्या रोजगार हमी कायद्यातही हेच आलं, सानुग्रह २५,००० रुपये ठरवून. आणि यारीवर असाल तर या तिघांत सगळ्यात मोठा हक्क तुमचा, वरचा हिशेब पाहिलातच. गंमत म्हणा की थट्टा, प्रत्यक्षात सगळ्यात कमी पदरात पडायचं ते यारीवाल्याच्याच.

कारण रोजगार हमीवर मस्टर असायचं. तुमचं नाव, तारीख, काम, सगळं एका सरकारी कागदावर. यारीवर काय? संध्याकाळी हातात पन्नासची नोट. अपघात झाला त्या दिवशी तुम्ही तिथे कामाला होता, हे सिद्ध कोण करणार? सोबतचे चौघे. त्यांना उद्या त्याच ठेकेदाराकडे जायचंय. 

दुसरी अडचण पैशाची. आमचा ठेकेदार खरंच वाईट माणूस नव्हता. त्याच्याकडे एक यारी, तीही कर्जाची. सदतीस हजार त्याने आणले कुठून असते? बिस्मार्कने सगळ्या मालकांचा मिळून निधी केला, त्यामुळे बोजा वाटला गेला. आपल्या १९२३च्या कायद्याने बोजा एकेका मालकावर टाकला आणि विमा काढायची सक्ती केली नाही. कारखान्यांसाठी १९४८मध्ये राज्य विमा योजनेचा, म्हणजे ईएसआयचा कायदा झाला, पण यारी काही कारखाना नव्हे. छोटा मालक आणि छोटा मजूर समोरासमोर उभे राहिले की दोघंही अंगठ्याच्या कागदावर मांडवली करतात. मालकाला वाटतं सुटलो, मजुराला वाटतं एवढं तरी मिळालं.

आणि जे कोर्टात जातात त्यांचं काय? ताजं उदाहरण आहे, आपल्याच महाराष्ट्रातलं. धाराशिव (तेव्हाचा उस्मानाबाद) जिल्ह्यात साखर कारखान्यावरचा एक रखवालदार. पाळी पहाटे तीन ते सकाळी अकरा. २२ एप्रिल २००३ला तो मोटरसायकलवरून ड्युटीला निघाला आणि कारखान्याच्या अलीकडे पाच किलोमीटरवर अपघातात गेला. मागे बायको, मुलं, आई. आयुक्तांनी ३,२६,१४० रुपये आणि व्याज मंजूर केलं. उच्च न्यायालयाने ते रद्द केलं, कारण अपघात कामावर नाही, रस्त्यावर झाला. सर्वोच्च न्यायालयाने २८ जुलै २०२५ रोजी ते परत दिलं. कामावर जाता-येता झालेला अपघात, वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा कामाशी संबंध असेल तर, कामावरचाच धरायचा. तीन वाजताच्या पाळीसाठी माणूस त्या वेळी त्या रस्त्यावर दुसरं कशाला असणार? नव्या संहितेतही ही तरतूद आहे. निकाल चांगला. पण बावीस वर्षं! त्या दिवशी पाच वर्षांचं असलेलं पोर निकालापर्यंत सत्तावीस वर्षांचं होतं.

त्यामुळे 'कायदा आहे ना' म्हणून टाळी वाजवायची माझी तयारी नाही. पण नुसता 'कायदा काय कामाचा' असा उसासाही नको वाटतो. त्या कुटुंबाला निदान दावा लावायचा असतो हे माहीत होतं. आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. आजीला नाही, आईला नाही, शहरात शिकून आलेल्या माझ्या वडलांनाही नाही.

राळेगणचं नाव पाण्याबरोबरच आणखी एका गोष्टीशी जोडलेलं आहे, ती म्हणजे माहितीचा अधिकार. ऑगस्ट २००३मध्ये अण्णांनी आझाद मैदानावर उपोषण केलं आणि महाराष्ट्राचा कायदा मार्गी लागला, २००५मध्ये देशाचा झाला. तेव्हा मला तो फक्त भ्रष्टाचार पकडायचं हत्यार वाटायचा. आता वाटतं, सरकारी कामावर जखमी झालेल्या मजुरासाठी मस्टरची नक्कल मागता येणं हीच केवढी मोठी गोष्ट आहे. खाजगी यारीवाल्याला मात्र तो अधिकार लागू नाही. तिथला कागद आपला आपणच तयार करावा लागतो.

असो. पुढच्या रविवारी मामांना फोन केला. कायदा सांगितला, आकडा सांगितला. सांगावं की नाही यावर आठवडाभर डोकं खाल्लं होतं. अठ्ठावीस वर्षांनी माणसाला कशाला सांगायचं की तुमचे पस्तीस हजार बुडाले?

पलीकडे जरा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाले, "पस्तीस हजारात तवा दोन बैलजोड्या आल्या असत्या, भाचेबुवा." आणि हसले. मग विचारलं, "आता काय मिळंल का?"

"नाही मामा. मुदत गेली."

"मंग ऱ्हाऊ दे माझं. पन वरच्या आळीतली चार पोरं यारीवर जात्यात. त्यांच्यासाठी एका कागदावर लिहून दी. मराठीत लिही बरं का, कोर्टातल्यावानी नको."

लिहिला. चार ओळींचा आहे, तुमच्याही कामाचा. तुमच्या इमारतीला रंग द्यायला दोरीवर लटकणाऱ्या माणसाला दाखवा.

१. लागलं की दवाखान्यात डॉक्टरांना सांगायचं की अमुक ठिकाणी, अमक्याच्या कामावर लागलं, आणि तसंच केसपेपरवर लिहून घ्यायचं. 'घरी पडलो' म्हणायचं नाही, कुणी कितीही विनवलं तरी.

२. रोज कामावर गेल्यावर मोबाइलवर एक फोटो काढायचा, यारी आणि सोबती दिसतील असा. मजुरी जमल्यास फोनवरून घ्यायची, म्हणजे तारीख राहते.

३. 'तक्रार नाही' अशा कागदावर सही-अंगठा करायचा नाही. केला असला तरी घाबरायचं नाही, त्याने हक्क जात नाही.

४. थांबायचं नाही. लगेच मालकाला लेखी कळवायचं आणि जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात जाऊन विचारायचं.

मामांनी तो कागद गावातल्या दुकानात झेरॉक्स करून घेतला. शंभर प्रती काढल्या म्हणे. पैसे पाठवतो म्हटलं तर ओरडले.